ब्रेकचे पेडल थरथरते तेव्हा पाय का उचलू नये

प्रति,
माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्याच्या पानावर एका ठरावीक प्रकारची बातमी येऊ लागते. पुणे रस्त्यावर, विजापूर रस्त्यावर किंवा मंगळवेढ्याच्या बाजूला रात्रीच्या वेळी उसाने भरलेल्या ट्रॉलीवर मागून मोटार आदळते, आणि चालकाने ब्रेक दाबूनही गाडी थांबली नाही, असे एक वाक्य त्या बातमीत हमखास असते. त्यावर गॅरेजमध्ये आणि चहाच्या गाड्यावर जी चर्चा होते तिचा सूर बहुधा असा असतो की, गाडीला एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था) होते म्हणे, मग त्याचा उपयोग काय झाला? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या मुलांना बरीच वर्षे शिकवून निवृत्त झालेला आणि अजूनही ओळखीच्या गॅरेजमध्ये जाऊन बसणारा माणूस म्हणून मला या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटते. हा प्रश्न आता मूठभर महागड्या गाड्यांच्या मालकांपुरता राहिलेला नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस बंधनकारक आहे. म्हणजे गेल्या काही वर्षांत ज्यांनी नवी गाडी घेतली, त्या सगळ्यांच्या पायाखाली हे यंत्र आहे आणि ते कसे वापरायचे हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ना शोरूमने सांगितले, ना ड्रायव्हिंग स्कूलने.

एबीएस म्हणजे गाडी जागच्या जागी थांबवणारे यंत्र, ही समजूत सर्वात आधी दूर करायला हवी. कोरड्या किंवा ओल्या डांबरावर ते थांबण्याचे अंतर थोडेफार कमी करते हे खरे. पण त्याचे मुख्य काम वेगळे आहे. चालकाने घाबरून पूर्ण ताकदीने ब्रेक दाबलेला असतानाही गाडी स्टिअरिंगचे ऐकत राहील, एवढी व्यवस्था ते करते. आणि चालकाने स्टिअरिंग फिरवलेच नाही, किंवा नेमक्या क्षणी ब्रेकवरचा पाय उचलला, तर ती व्यवस्था वाया जाते.

हे समजण्यासाठी टायरपासून सुरुवात करावी लागते. चाक कितीही मोठे असले तरी रस्त्याला टेकलेला त्याचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. गाडीचा वेग वाढवणे, तो कमी करणे आणि गाडी वळवणे ही तिन्ही कामे अशा चार तळहातांएवढ्या रबराच्या पकडीवर होतात. ही पकड म्हणजे घरात येणारा ठरावीक पगार समजावा : सगळा भाड्यात गेला तर किराण्याला काही उरत नाही. ब्रेकने सगळी पकड खाऊन टाकली तर वळण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. ब्रेक दाबला की चाक गाडीच्या वेगापेक्षा किंचित हळू फिरू लागते आणि या फरकामुळेच रोधक बल निर्माण होते. चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण दहा ते वीस टक्क्यांनी कमी असतो तेव्हा डांबरावर हे बल सर्वात जास्त मिळते. ब्रेक त्याहून जोरात लागला, तर चाक फार थोड्या वेळात पूर्ण थांबते आणि गाडी मात्र पुढे घसरत राहते. यालाच आपण चाक जाम होणे किंवा लॉक होणे म्हणतो. घसरणाऱ्या रबराची पकड थोडी कमी होते, हा तोटा त्या मानाने लहान आहे. मोठा तोटा हा की जाम झालेल्या चाकाला दिशा राहत नाही. पुढची चाके जाम झाली की स्टिअरिंग डावीकडे फिरवा, उजवीकडे फिरवा, गाडी आपली सरळ जाते. मागची आधी जाम झाली तर गाडीचे शेपूट पुढे यायला बघते. पूर्वीचे अनुभवी चालक म्हणूनच ब्रेक एकदम न दाबता दाब-सोड, दाब-सोड करत असत, आणि आम्हीही विद्यार्थ्यांना तेच शिकवत होतो, कारण त्या काळच्या गाड्यांना तेच योग्य होते.

एबीएस हीच दाब-सोड करते, पण माणसाच्या पायाला जमणार नाही अशा दोन गोष्टी त्यात असतात : ती सेकंदाला अनेक वेळा होते, आणि प्रत्येक चाकासाठी वेगळी होते. चारही चाकांच्या हबजवळ एकेक सेन्सर असतो. त्याच्यासमोर दाते असलेली लोखंडी रिंग फिरते, आणि प्रत्येक दाता समोरून गेला की सेन्सर एक विद्युत स्पंद पाठवतो. रिंगला ४८ दाते आहेत आणि टायरचा परीघ १.९ मीटरच्या आसपास आहे असे धरले, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला एका चाकाकडून सेकंदाला साडेपाचशेहून अधिक स्पंद येतात. नियंत्रक संगणक ते मोजत असतो. त्याला गाडीचा खरा वेग थेट कळत नाही, तो चाकांवरूनच अंदाज बांधतो. पण एक गोष्ट त्याला ठाऊक असते. उत्तम टायर आणि कोरडा रस्ता असला तरी गाडीचा वेग एका सेकंदात ताशी तीस-पस्तीस किलोमीटरपेक्षा फारसा जास्त उतरू शकत नाही. मग एखादे चाक एक दशांश सेकंदात ऐंशीवरून शून्याकडे निघाले असेल, तर गाडी थांबते आहे असा त्याचा अर्थ होऊच शकत नाही. ते चाक जाम होऊ लागले आहे, एवढाच अर्थ होतो. मला या यंत्रातली सर्वात देखणी गोष्ट हीच वाटते. चाक पूर्ण जाम होण्याची वाट न पाहता, ते किती झपाट्याने मंदावते आहे यावरून निर्णय घेतला जातो.

निर्णय झाला की काम बॉनेटखालच्या मॉड्युलेटरकडे जाते. हा अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो. मास्टर सिलिंडरकडून, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाकडून, येणारे ब्रेक ऑइलचे पाइप त्यात शिरतात आणि चार चाकांचे पाइप त्यातून बाहेर पडतात. प्रत्येक चाकासाठी आत दोन व्हॉल्व्ह असतात. संबंधित चाकाचा आत येणारा व्हॉल्व्ह बंद होतो, म्हणजे तुम्ही पेडल कितीही दाबले तरी त्या चाकावरचा दाब वाढत नाही. चाक तरीही मंदावत राहिले तर बाहेर जाणारा व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, दाब उतरतो, चाक पुन्हा फिरू लागते. ते वेग धरू लागले की पुन्हा दाब चढवला जातो. बाहेर काढलेले ऑइल एक छोटा विजेचा पंप परत मास्टर सिलिंडरच्या दिशेने ढकलतो, आणि त्याचाच धक्का पेडलमधून आपल्या तळपायाला लागतो. पायाखाली थरथर, बॉनेटखाली कर्र-कर्र असा आवाज, पेडल किंचित वर ढकलले गेल्याची भावना, ही सगळी यंत्र चालू असल्याची चिन्हे आहेत.

नेमकी इथेच आपल्याकडची माणसे फसतात. जूनमधल्या पहिल्या पावसानंतर गॅरेजमध्ये एक ठरावीक तक्रार येते : 'सर, जोरात ब्रेक दाबला तर पायाखाली काहीतरी तुटल्यासारखं वाजलं, म्हणून मी लगेच पाय काढला.' अशा एका शिक्षकांनी आमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे ब्रेक पॅड बदलून घेतले होते, डिस्क लेथवर घासून घेतल्या होत्या आणि त्याचे पैसेही मोजले होते. गाडीत दोष काहीच नव्हता. त्यांच्या आयुष्यात एबीएस पहिल्यांदाच काम करू लागले होते, आणि ते काम करू लागताच त्यांनी पाय उचलून ते बंद पाडले. परदेशातही हा घोळ झालेला आहे. अनेक चालक संकटातसुद्धा पुरेशा जोराने ब्रेक दाबत नाहीत हे लक्षात आल्यावर, १९९६ मध्ये मर्सिडीजने पेडल किती झपाट्याने दाबले गेले ते ओळखून उरलेला दाब स्वतःच वाढवणारी ब्रेक असिस्ट ही जोड दिली. यंत्राला माणसाच्या भिडस्त पायाचीही तजवीज करावी लागली, असे म्हणायला हरकत नाही.

आता त्या उसाच्या ट्रॉलीकडे येतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे उदारपणे धरले, तरी २२ मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.८ धरून गणित केले, तर गाडी थांबायला आणखी ३२ मीटर लागतात. एकूण झाले ५४. डीप लाइटचा उपयोगी उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे फारसा जात नाही, समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात तर त्याहून कमी दिसते, आणि त्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर तो उसाच्या लोंबणाऱ्या वाड्यांखाली झाकलेला असतो. म्हणजे सगळे काही ठीक असतानाही त्या वेगाला गाडी ट्रॉलीच्या आधी थांबेलच असे गणित सांगत नाही. हे अंतर एबीएसने मिटणारे नाही. एबीएस एवढेच करते की, पूर्ण ब्रेक लागलेला असताना, वेग उतरत असताना, तुम्ही स्टिअरिंग थोडे फिरवले तर गाडी बाजूच्या रिकाम्या जागेकडे वळते. एबीएस नसलेली आणि चाके जाम झालेली गाडी त्याच ठिकाणी थेट ट्रॉलीखाली जाते. ट्रॉली सहसा रस्त्याची डावी कड धरून चाललेली असते. उजवीकडे अर्धा-पाऊण गाडी एवढे सरकता आले तरी टक्कर टळते किंवा निदान थेट मागून बसत नाही. चालकाला हे आधी सांगितलेले नसेल तर तो ट्रॉलीकडे डोळे लावून, स्टिअरिंग घट्ट धरून, सरळ जातो. माणूस जिथे पाहतो तिथेच गाडी नेतो, म्हणून पाहायचे ते मोकळ्या जागेकडे.

याच हंगामातली दुसरी अडचण म्हणजे रस्त्यावर येणारी काळी माती. शिवारातून भरून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेले मातीचे गोळे डांबरी रस्त्यावर पडत जातात, वरून दव पडले, पाण्याचा टँकर सांडला किंवा अवकाळी सर आली की त्यांचा निसरडा थर तयार होतो. नुसत्या ओल्या डांबरावर पकड ०.४ च्या आसपास धरली तर ८० च्या वेगाला थांबण्याचे अंतर ३२ वरून ६३ मीटरवर जाते. मातीच्या थरावर ती ०.२५ इतकी उतरली तर तेच अंतर १०० मीटर होते, आणि हे सगळे ब्रेक लागल्यानंतरचे आकडे आहेत, विचार करण्यात गेलेला सेकंद वेगळा. टायर आणि रस्ता यांच्यात जी पकड आहे तिचा जास्तीत जास्त उपयोग करून घेणे एवढेच एबीएसच्या हातात असते. नसलेली पकड ते कुठून आणणार? गुळगुळीत झालेल्या टायरवर एबीएसच्या भरवशाने गाडी हाकणाऱ्यांना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. मुरूम टाकलेल्या किंवा बारीक खडी पसरलेल्या रस्त्यावर तर गोष्ट उलटी होते. तिथे जाम झालेले चाक खडीचा ढीग समोर गोळा करून त्यात रुतते आणि लवकर थांबते. एबीएस चाक फिरते ठेवत असल्यामुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. रस्त्याचे काम चालू असलेल्या टप्प्यात वेग आधीच कमी करावा, असे मी म्हणतो त्याचे कारण हे आहे.

या यंत्राचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. विमान उतरताना चाके जाम होऊन टायर फुटू नयेत म्हणून १९५० च्या दशकात डनलॉपचे मॅक्सारेट हे यांत्रिक उपकरण विमानांत आले. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या ब्रिटिश गाडीत ते बसवले गेले, पण ते महाग होते आणि गाड्याही मोजक्याच बनल्या. संगणकाचे भाग पुरेसे लहान आणि भरवशाचे झाल्यावर १९७८ मध्ये बॉश कंपनीने बनवलेले इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले, आणि आजच्या आपल्या लहान गाड्यांतले एबीएस त्याच वंशातले आहे.

ट्रॅक्शन कंट्रोल ही याच यंत्राची उलटी बाजू. चाकाचा वेग मोजणारे सेन्सर आहेतच, ब्रेकचा दाब चाकाचाकाला कमी-जास्त करणारा मॉड्युलेटरही आहे. मग ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारे यंत्र, अॅक्सिलरेटर दाबताना चाक जागच्या जागी गरगर फिरू न देण्यासाठी का वापरू नये, असा विचार पुढे आला आणि १९८० च्या दशकात तो गाड्यांत उतरला. आपल्याकडे त्याचा उपयोग कुठे होतो ते पाहा. शेताच्या रस्त्यावरून किंवा खचलेल्या साइडपट्टीवरून गाडी हायवेवर घ्यायची असते. ओढणारे एक चाक डांबरावर असते, दुसरे ओल्या मातीत. इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरेन्शियलचा स्वभाव असा की तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि मातीतले चाक जेवढा जोर पेलू शकते तेवढाच डांबरावरच्या चाकालाही मिळतो. मातीतले चाक फिरत राहते, गाडी जागची हलत नाही, आणि मागून ट्रक हॉर्न देत येतो. ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत संगणकाला एक चाक दुसऱ्यापेक्षा फार वेगाने फिरताना दिसते. तो चालकाने ब्रेकला पायही न लावता फक्त त्या चाकाला ब्रेक लावतो. त्या ब्रेकविरुद्ध जोर लावावा लागत असल्यामुळे तेवढाच जोर डिफरेन्शियलमधून डांबरावरच्या चाकालाही मिळतो आणि गाडी वर चढते. त्याच वेळी इंजिनाला जोर कमी करण्याचा संदेश जातो. चालकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असला तरी इंजिन दबल्यासारखे वाटते, ते यामुळेच. गाडीला पिकअप राहिला नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात.

एका ठिकाणी मात्र ही दक्षता आड येते. खोल काळ्या चिखलात गाडी अडकली असेल आणि सगळीच ओढणारी चाके घसरत असतील, तर संगणक इंजिनाचा जोर इतका उतरवतो की गाडी हलायचे नाव घेत नाही. अशा वेळी डॅशबोर्डवरचे, घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेले बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल तात्पुरते बंद करावे, हळूहळू पुढे-मागे करून गाडी बाहेर काढावी, आणि डांबरावर आल्यावर ते पुन्हा चालू करावे. हेच चित्र मीटरवर लुकलुकले तर यंत्र त्या क्षणी काम करते आहे आणि रस्ता निसरडा आहे असे समजावे. ते सतत जळत राहिले तर ते बंद आहे किंवा बिघडले आहे.

एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल यांच्या जोडीला गाडी स्वतःभोवती किती वळते आहे हे मोजणारा आणि स्टिअरिंग किती फिरवले आहे हे सांगणारा असे आणखी सेन्सर जोडले की ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) तयार होते. चालकाला जिकडे जायचे आहे तिकडे गाडी जात नसेल तर ती एखाद्या चाकाला नेमका ब्रेक लावून गाडीला सरळ करते. हे १९९५ मध्ये पहिल्यांदा गाडीत आले, आणि माझ्या मते या तिघांत जीव वाचवण्याच्या बाबतीत पहिला मान याच यंत्राचा आहे. अमेरिकेतल्या अभ्यासांत एकट्या गाडीच्या प्राणघातक अपघाताचा धोका त्यामुळे निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचे दिसले आणि २०१२ सालच्या मॉडेलपासून तिथे ते सर्व मोटारींना सक्तीचे झाले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवायचे असतील तर गाडीत ईएससी असावी लागते. गाडी घ्यायला जाणारा ग्राहक सनरूफ आणि स्क्रीनची चौकशी करतो, ही चौकशी करत नाही.

नुसत्या एबीएसबद्दल इतके समाधानकारक आकडे मिळत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या म्युनिक शहरात एकाच ताफ्यातल्या काही टॅक्सींना एबीएस होते आणि काहींना नव्हते. त्यांची तुलना केल्यावर एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झालेले आढळले नाहीत. त्या टॅक्सींचे चालक अधिक बेफिकीर, पुढच्या गाडीला अधिक चिकटून चालवत असल्याचे निरीक्षकांना दिसले. यंत्राने दिलेली सवलत माणसाने वेगात खर्च करून टाकली. आपल्याकडे चौपदरी पुणे रस्ता झाल्यापासून हा स्वभाव पाहायला म्युनिकला जावे लागत नाही.

दुचाकीबद्दल थोडेच लिहितो, पण लिहायलाच हवे, कारण सोलापूर दुचाकींचे शहर आहे. १२५ सीसीवरच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि त्याखालच्यांना पुढचे-मागचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस व्यवस्था बंधनकारक झाली. बऱ्याच गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते. 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, पालथा पडशील' हा वडिलांचा सल्ला ऐकत वाढलेला मुलगा अशी गाडी घेतो आणि एबीएस नसलेल्या मागच्या ब्रेकवरच गाडी थांबवू पाहतो. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद तिथेच असते, आणि सरळ चाललेल्या गाडीत एबीएस ते चाक जाम होऊ देत नाही. वळणावर गाडी झुकलेली असताना मात्र साध्या एबीएसवर विसंबू नये.

यंत्र नादुरुस्त असले तर साधे ब्रेक चालूच राहतात, आणि त्यामुळे लोक दिव्याकडे काणाडोळा करतात. चावी फिरवल्यावर मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि दोन-तीन सेकंदांत विझतो; तो विझला नाही तर एबीएस बंद आहे. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी पुढे न नेता आधी ब्रेक ऑइल बघावे. बिघाड बहुधा किरकोळ असतो. उंदराने कुरतडलेली किंवा दगड लागून तुटलेली सेन्सरची वायर, रिंगच्या दातांत बसलेली काळी माती, सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस. नव्या गाड्यांत दात्यांच्या रिंगऐवजी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती बाजू डोळ्यांना वेगळी दिसत नाही, आणि मिस्त्रीने बेअरिंग उलटे ठोकले तर चाक छान फिरते, आवाज येत नाही, फक्त सेन्सरला काही कळेनासे होते. ग्राहक बेअरिंग बदलून जातो आणि दिवा घेऊन परत येतो. बेअरिंग बसवण्याआधी लोखंडाची टाचणी दोन्ही बाजूंना लावून पाहिली तर चुंबकाची बाजू लगेच कळते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, आणि मॉड्युलेटरचे बारीक व्हॉल्व्ह गंजले तर तो पूर्ण बदलण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस असते.

जुन्या गाड्यांच्या बाजारातला एक प्रकारही वाचकांना माहीत असावा. एबीएस बिघडलेली गाडी विकताना मीटरमधला दिवा काढून टाकतात, किंवा त्याहून हुशारीने त्याची वायर इंजिन ऑइलच्या दिव्याला जोडून देतात. मग इंजिन सुरू होताच दोन्ही दिवे विझतात आणि सगळे ठीक आहे असे भासते. ओळखायची खूण सोपी आहे. चावी फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. एबीएसचा दिवा लागायलाच हवा, आणि इंजिन बंद असतानाच काही सेकंदांत विझायला हवा. ऑइलचा दिवा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत जळत राहतो. दोघे एकाच क्षणी विझले तर गाडी स्कॅनरला लावून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

शेवटी ज्या मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे ती मांडतो. पक्क्या लायसन्ससाठी उमेदवार मोटार उलटी घेऊन दाखवतो, चढावर थांबवून दाखवतो, दुचाकीवर आठचा आकडा काढतो. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून त्याच वेळी गाडी वळवणे, ही गोष्ट त्याला कोणी कधी करायला लावत नाही. त्याला ती पहिल्यांदा करावी लागते ती थेट ट्रॉलीच्या मागे, रात्री. जिल्ह्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या चालकांनी आणि परिवहन विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्यांनी मिळून चाचणीच्या मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकचे कोन लावून एवढे तरी करावे : ताशी तीस-चाळीसच्या वेगाने यायचे, खुणेपाशी पेडल तळापर्यंत दाबायचे, थरथर सुरू झाली तरी पाय न उचलता गाडी कोनांच्या बाजूने काढायची. जागा ओली केलेली असावी, बाजूला प्रशिक्षक बसलेला असावा, मागे-पुढे दुसरी गाडी नसावी, आणि ज्या गाडीला एबीएस नाही तिच्यावर हे करू नये. नव्या उमेदवारांबरोबरच साखर कारखान्यांच्या कार्यालयीन गाड्यांचे चालक आणि शाळेच्या व्हॅनचे चालक यांनाही गळीत हंगामाच्या तोंडावर हे करून घेता येईल. याला फार खर्च नाही, एक रविवार आणि पाण्याचा एक टँकर पुरतो.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. अपघाताच्या बातमीत ब्रेक दाबूनही गाडी थांबली नाही असे लिहिण्यापूर्वी टायरची स्थिती कशी होती, रस्त्यावर माती होती का, ट्रॉलीला मागे दिवा होता का, आणि रस्त्यावर घसरलेल्या चाकांच्या सलग काळ्या रेघा उमटल्या होत्या की नव्हत्या, एवढे पाहून ते छापावे. एबीएस चालू असलेली गाडी सहसा तशा ठळक, सलग रेघा सोडत नाही. पंचनाम्याच्या वेळी त्या रेघा नाहीत म्हणून चालकाने ब्रेक दाबलाच नव्हता असा निष्कर्ष काढला गेल्याचे माझ्या कानावर आलेले आहे, आणि तो दर वेळी बरोबर असेलच असे नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (मोटार मेकॅनिक),
सोलापूर